तळ्याची खेळी

मोबाईलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या बहुतेकांना तीन मिनिटांचा डाव माहीत असतो. एसटीची वाट बघताना, लेक्चर चालू असताना, झोप येत नसताना. हरलो तर पुन्हा, जिंकलो तरी पुन्हा. त्याच अ‍ॅपमध्ये जरा खाली आणखी एक पर्याय असतो. त्यात एका खेळीसाठी एक दिवस मिळतो, किंवा तीन, सात, अगदी चौदाही. तिकडे फारसं कुणी जात नाही. गेलं तरी चार खेळ्यांनंतर विसरून जातं आणि वेळ संपून हरतं. मी गेली सहा वर्षं प्रामुख्याने हेच खेळते. त्याहून जास्त वेळ, खरं सांगायचं तर, संपलेले डाव तपासण्यात घालवते.

हा प्रकार अर्थातच मोबाईलपेक्षा खूप जुना. लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांच्या क्लबांमध्ये १८२४ ते १८२८ अशी चार वर्षं पत्रांतून मॅच चालली होती. ती एडिंबराने जिंकली आणि त्या डावांवरून एका सुरुवातीला ‘स्कॉच’ हे नाव पडलं ते आजतागायत आहे. पुढे पोस्टकार्डांचा जमाना आला. जगभरातल्या पत्र-बुद्धिबळाची संघटना १९५१ साली आजच्या रूपात उभी राहिली. भाषांची अडचण नको म्हणून तिथे प्रत्येक घराला दोन आकडे असतात. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे म्हणजे फक्त ‘५२५४’. एवढंच कार्डावर लिहायचं आणि पेटीत टाकायचं. आठवड्यांनी उत्तर यायचं. मला ही कल्पना फार आवडते की पोस्टमनच्या पिशवीत लग्नपत्रिका, मनीऑर्डरी आणि कुणाच्या तरी आजारपणाच्या बातम्यांमध्ये ‘५२५४’ एवढाच मजकूर असलेलं एक कार्ड पडलेलं असायचं.

मी ज्या डावाबद्दल लिहिणार आहे तो असाच होता. त्याच्या मजकुरात ‘राजा जी८’ किंवा ‘हत्ती ए७’ याखेरीज काही नव्हतं, आणि आमच्या घरात तो बातमीसारखा वाचला जायचा.

आम्ही तळ्याचे. रायगड जिल्ह्यात, इंदापूरला मुंबई-गोवा महामार्ग सोडून आत वळलं की लागतं ते. वर तळगड, खाली बाजारपेठ, पलीकडे कुड्याची लेणी आणि राजपुरीची खाडी. तालुक्याचं गाव असलं तरी चेसचा क्लास वगैरे काही नाही. मला बुद्धिबळ शिकवलं मामाने. मामा जहाजावर असतो, ऑइलर म्हणून, म्हणजे इंजिनरूममध्ये. आमच्या या पट्ट्यात घराआड एक माणूस बोटीवर किंवा आखातात असतो, त्यात विशेष काही नाही. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. घरी आला की सुट्टीतली निम्मी दुपार आमच्या पडवीत चुंबकाच्या सोंगट्यांचा एक लहानसा पट घेऊन बसायचा. तो पट त्याने सिंगापूरला घेतलेला. जहाज हललं तरी सोंगट्या पडत नाहीत, हे तो दर वेळी पट उलटा धरून दाखवायचा.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तो बोटीवर चढला तेव्हा मी त्याच्या मोबाईलवर अ‍ॅप टाकून दिलं. जहाजावर इंटरनेट मोजून मिळतं. महिन्याला काही ठराविक एमबीचं कार्ड, त्यात व्हिडिओ कॉल म्हणजे चैन. पण बुद्धिबळाच्या एका खेळीला लागतो किती डेटा? जवळपास शून्य. म्हणून चौदा दिवसांचा डाव. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू केला. पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे आल्या.

पुढच्या महिन्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. लॉकडाऊन लागला, विमानं बंद झाली, बंदरांनी खलाशांना उतरू देणं बंद केलं. जहाजं मात्र चालूच होती, कारण धान्य, तेल, औषधं सगळं त्यांच्यातूनच येत होतं. ज्यांचा करार संपला होता त्यांना उतरता येईना आणि जे बदली म्हणून जाणार होते त्यांना पोहोचता येईना. २०२० संपता संपता अशा अडकलेल्या खलाशांचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज सुमारे चार लाख होता. खलाशाला सलग बारा महिन्यांच्या आत घरी सोडलं पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्या वर्षी तो हजारोंच्या बाबतीत कागदावर राहिला. मामा जुलै-ऑगस्टमध्ये यायचा होता, तो जानेवारी २०२१ मध्ये आला. चौदा महिने.

त्या काळात फोन कधी लागायचा, कधी पंधरा-वीस दिवस नाही. पण खेळी यायची. आई बुद्धिबळ खेळत नाही, तिला हत्ती आणि उंट कुठला हेही नीट सांगता येणार नाही. तरी सकाळी चहा ठेवताना तिचा पहिला प्रश्न ठरलेला: “मामाची आली का?” आली म्हटलं की पुढे काही विचारायची नाही. कुठली, चांगली का वाईट, तिला घेणंदेणं नव्हतं. आली म्हणजे तिचा भाऊ जिवंत आहे, त्याचे हात चालतायत, डोकं चालतंय. नाही आली तर मी “अजून सहा दिवस आहेत त्याला” असं सांगायचे आणि ती हिशेब करत बसायची.

आता तपासण्याबद्दल.

डाव संपला की अ‍ॅप विचारतं, विश्लेषण करू का? होय म्हटलं की अर्ध्या मिनिटात एक आलेख येतो, अचूकतेची टक्केवारी येते, चुकलेल्या खेळ्यांपुढे लाल-पिवळी चिन्हं येतात. तीन मिनिटांच्या डावाला हे ठीक आहे. दहा महिने चाललेल्या डावाला अर्ध्या मिनिटात निकाल लावणं मला पटत नाही. म्हणून मी आधी इंजिन बंद ठेवते. दोनशे पानी वही आहे. डाव चालू असतानाच तिच्यात प्रत्येक खेळीची तारीख, त्या वेळी सुचलेले दोन-तीन पर्याय आणि कुठला का निवडला हे लिहिलेलं असतं. डाव संपल्यावर पहिल्यांदा फक्त पट आणि वही. कुठे डाव वळला असं मला वाटतं ते लिहून ठेवायचं. मग इंजिन लावायचं आणि त्याचं म्हणणं शेजारच्या पानावर. हे काही माझं डोकं नाही. आपले डाव स्वतः, कठोरपणे तपासावेत, हा आग्रह मिखाईल बोट्विनिकने संगणक येण्याच्या कितीतरी आधी धरला होता. मी त्यात एक रकाना वाढवला आहे: त्या दिवशी काय चाललं होतं.

या रकान्याचं काम काय, हे अठ्ठाविसाव्या खेळीवरून सांगते.

१ जूनला मामाची सत्ताविसावी खेळी आली. घड्याळ माझ्याकडे, १५ जूनपर्यंत. ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा आणि आमचा तळा, रोहा, माणगाव, सगळा दक्षिण रायगड त्याच्या वाटेत होता. आमचे पडवीचे पत्रे परसातल्या फणसावर जाऊन अडकले. मागच्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. विजेचे खांब वाकले नव्हते, आडवे झाले होते. वीज गेली ती आठवडेच्या आठवडे गेली, आणि विजेच्या मागोमाग टॉवर. घरात पाच जण, ताडपत्री एक, वरून पावसाळा सुरू.

वहीत ४ जून ते १३ जून या तारखा आहेत. दिवसा पत्रे, कौलं, चिखल, शेजारी. रात्री कंदिलाशेजारी जुना लाकडी पट. मोबाईलवरचा विश्लेषणाचा पट नाही, सुरुवातीच्या खेळ्यांचा डेटाबेस नाही. (डेली डावात हे दोन्ही चालतं, चालत नाही ते फक्त इंजिन. पोस्टकार्डाच्या काळात लोक पुस्तकं उघडून बसत, तोच नियम पुढे आला.) एकच स्थिती मी दहा रात्री मांडली. सी१ वरचा हत्ती देऊन सी६ वरचा घोडा घ्यायचा की नाही. हत्ती मोलाने जास्त, घोडा कमी. पण घोडा गेला की मामाच्या वजिराच्या बाजूची प्यादी फुटणार होती आणि माझा उंट पांढऱ्या घरांवर राजा होणार होता. वहीत तीन पानं भरली आहेत. एका पानावर गळक्या छपराचं पाणी पडून शाई पसरली आहे, तिथली एक खेळी आता वाचता येत नाही.

१४ जूनला बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसून महामार्गापर्यंत गेले. मोबाईल आदल्या दिवशी एकाकडच्या जनरेटरवर चार्ज करून बंद ठेवला होता. इंदापूरच्या अलीकडे दोन काड्या रेंज आली. पहिलं काम घोड्यावर हत्ती मारला. मग मावशीला फोन, मग बाकीच्यांना. बाबा म्हणाले, “आधी फोन करायचास.” मी म्हटलं, “फोन लागत नाही बोटीवर. हे लागतं.”

डिसेंबरमध्ये डाव संपल्यावर अ‍ॅपच्या झटपट विश्लेषणाने याच खेळीपुढे शंकेचं चिन्ह लावलं. ठीक आहे. पण या डावाच्या मधोमध इंजिनच्या जगातही एक मोठी गोष्ट घडली होती. स्टॉकफिश हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं फुकट इंजिन. त्याची बारावी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये आली आणि त्यात पहिल्यांदा न्यूरल नेटवर्कने स्थितीचं मोल ठरवायला सुरुवात केली. आधीचं इंजिन माणसांनी लिहून दिलेल्या नियमांनी मोजायचं: हत्तीला इतके गुण, फुटक्या प्याद्याला इतके वजा. नवं इंजिन लाखो स्थिती बघून शिकलेलं. पुढे लॅपटॉपवर नवी आवृत्ती रात्रभर चालू ठेवली तेव्हा सकाळी ते चिन्ह गेलं होतं. माझी खेळी आणि इंजिनची पहिली पसंती यांत नाव घेण्याएवढा फरक उरला नव्हता.

यातून मी इंजिनपेक्षा शहाणी ठरते असं अजिबात नाही. रात्रभरात त्याने जेवढं पाहिलं तेवढं मी जन्मभरात पाहणार नाही. सांगायचं ते वेगळं आहे. इंजिनचं मत हे अंतिम उत्तर नसून कुठल्या तरी खोलीवर, कुठल्या तरी आवृत्तीने दिलेलं उत्तर असतं, आणि ते बदलतं. जगज्जेतेपदाच्या डावांनाही हे सुटलेलं नाही. हान्स बर्लिनर हा अमेरिकन १९६५ ते ६८ च्या स्पर्धेत पत्र-बुद्धिबळाचा पाचवा जगज्जेता झाला. त्यात याकोव्ह एस्ट्रिनविरुद्धचा त्याचा डाव आजही गाजलेला आहे. त्या एका डावावर नंतर कित्येक वर्षं लोक उलटसुलट लिहीत राहिले, संगणक आल्यावर आणखी नव्या वाटा सापडल्या. बर्लिनर स्वतः पुढे संगणकाचा प्राध्यापक झाला आणि बुद्धिबळ खेळणारी यंत्रं बनवू लागला, ही त्यातली गंमत. आणि आता संघटनेच्या स्पर्धांमध्ये इंजिन वापरायला अधिकृत परवानगी आहे. परिणाम काय, तर वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात. दोन्हीकडे तेच उत्तर असेल तर पत्र लिहायचं तरी कशाला, असं मला वाटतं. असो.

या इंजिनमुळेच माझ्या आणि मामाच्या मध्ये एक अवघड गोष्ट उभी राहिली.

१ जानेवारी २०२१ ला मी विश्लेषण पुरं केलं. पहिल्या अठ्ठावीस खेळ्यांत मामा मामासारखाच खेळला होता. घाईने प्यादं ढकलणारा, घोड्यांवर प्रेम करणारा. त्यानंतरच्या पस्तीस खेळ्यांत त्याची अचूकता ९६ टक्के. एकामागून एक इंजिनची पहिली किंवा दुसरी पसंती. आणि वेळ? आधी तो दिवसा-दीड दिवसात उत्तर द्यायचा. अठ्ठाविसावीनंतर सरासरी साडेचार दिवस. ऑनलाइन खेळणाऱ्या कुणालाही हे चित्र दाखवा, तो एकच शब्द बोलेल.

मी ते चित्र आठवडाभर कुणाला दाखवलं नाही. दुसऱ्या कुणाशी खेळत असते तर तक्रारीचं बटण आहे. अ‍ॅपवाले अशी खाती बंद करतात, आणि केलीच पाहिजेत. पण आईला काय सांगणार होते? ज्या खेळ्या आल्या म्हणून ती सकाळचा चहा नीट घेऊ शकत होती, त्या कदाचित तिच्या भावाने केल्याच नव्हत्या? कुणीही मोबाईलवर उतरवून पाठवाव्यात अशा त्या होत्या? मला हरण्याजिंकण्याचं पडलं नव्हतं, डाव तर बरोबरीतच सुटला होता. पण दहा महिने पलीकडे मामा होता की नव्हता, हे मला हवं होतं.

मग मी तोच डाव पुन्हा तपासायला घेतला, या वेळी दुसऱ्या बाजूने. टक्केवारी सोडून दिली. बुद्धिबळाच्या शेवटी, सोंगट्या थोड्या उरल्या की अचूकता आपोआप वाढते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दहा खेळ्यांपैकी आठ खेळ्या बरोबरीच राखत असतील तर आंधळ्यानेही सोंगटी हलवली तरी इंजिन त्याला शंभर टक्के देतं. म्हणून टक्के बघायचे नाहीत. बघायच्या त्या जागा, जिथे एकच खेळी तारते आणि बाकी सगळ्या मारतात. अशा जागा मला या पस्तीस खेळ्यांत चार सापडल्या. त्यातली सत्तावन्नावी सगळ्यात स्वच्छ होती.

पट समोर असेल तर मांडा. पांढरा, म्हणजे मी: राजा एफ६, हत्ती ए७, प्यादं एफ५. काळा, म्हणजे मामा: राजा एफ८, हत्ती एफ१. खेळी मामाची. मी हत्ती ए८ वर नेऊन मात करायची धमकी दिली आहे. राजाला जायला दोनच घरं आहेत, ई८ आणि जी८. दिसायला दोन्ही सारखी. ई८ पटाच्या मध्याकडे आहे, आणि राजा मध्याकडे असावा असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण ई८ ला गेला तर डाव गेला. हत्ती ए८ वर शह, राजा डी७, मग माझा हत्ती एफ८ वर प्याद्याच्या पुढे उभा राहतो आणि माझा राजा जी७ कडून वाट मोकळी करतो. जी८ ला गेला तर बरोबरी. शह दिला की राजा एच७ ला, आणि मामाच्या हत्तीला पटाच्या लांब बाजूने आडवे शह द्यायला जागा राहते. पुस्तकात याचा नियम आहे: राजा आखूड बाजूला, हत्ती लांब बाजूला.

पाच सोंगट्यांच्या या स्थितीत मतभेदाला जागाच नाही. राजे धरून सात किंवा त्याहून कमी सोंगट्या असतील तर बुद्धिबळ सुटलेलं आहे. सातची कोष्टकं पहिल्यांदा २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या महासंगणकावर पुरी झाली, २०१८ पासून त्यांची आटोपशीर रूपं इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात. कोष्टक म्हणालं: जी८ बरोबरी, बाकी सगळं हार. मामा सहा दिवस विचार करून जी८ ला गेला होता. चारही जागी त्याने ती एकमेव खेळी शोधली होती.

म्हणजे तपासून प्रश्न आणखी टोकदारच झाला.

मामा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. विलगीकरण, तपासणी सगळं उरकून. चौदा महिन्यांत त्याचे केस निम्मे पांढरे झाले होते आणि तो जोरात बोलायला लागला होता. इंजिनरूममधून आलेली माणसं पहिले काही दिवस तशीच बोलतात. आईने त्याला आधी जेवायला बसवलं. जेवण झालं, पान झालं, आई आत गेली. मी पट मांडला, ती सत्तावन्नावी स्थिती, आणि सरळ विचारलं.

“मामा, हे तू इंजिन लावून खेळलास का?”

तो पटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “अगं, इंजिनातच तर होतो चौदा महिने.”

मला हसू आलं नाही. त्यालाही ते कळलं. तो उठला, बॅगेतून एक जाडजूड रजिस्टर काढून आणलं. जहाजावरच्या नोंदींसाठी असतं तसलं, अर्ध्याहून जास्त कोरं राहिलेलं. त्याला डिझेलचा वास येत होता. “विचारलंस ते बरं केलंस,” म्हणाला. “मीपण तुला विचारणार होतो, तो घोडा मारलास त्याचं.”

त्या रजिस्टरमध्ये १५ जूनपासून पुढचा आख्खा डाव होता. मामाचं अक्षर मोठं आणि उजवीकडे झुकणारं आहे. प्रत्येक खेळीला एक पान, काहींना तीन-चार. ‘अशी गेली तर’, ‘तशी गेली तर’ अशी सुरुवात करून खाली उतरणाऱ्या ओळी. ऑगस्टमध्ये त्यांचं जहाज एका बंदराबाहेर नांगर टाकून आठवडेच्या आठवडे उभं होतं. वॉच संपली की करायला काही नाही, उतरता येत नाही, घरी जायची तारीख नाही. तो म्हणाला, बाकीचे भांडायचे किंवा झोपायचे. त्याच्याकडे आमचा डाव होता. आधी तो दीड दिवसात उत्तर द्यायचा, कारण मुद्दाम वेळ काढत नव्हता. आता मुद्दाम काढत होता. खेळी पाठवून टाकली की पुढचे दोन दिवस रिकामे जायचे.

मी सत्तावन्नावी खेळी काढली. पान भरलेलं होतं. ई८ का नको याचं कारण त्याने लिहिलं होतं: राजा ई८ ला गेला तर भाचीचा राजा ई६ ला येणार आणि पुन्हा ए८ वर मात लागणार, ‘सुटका नाही’. खाली दोनदा रेघ. आणि हे साफ चूक आहे. पांढरा राजा ई६ ला आला तर काळा राजा परत एफ८ ला जातो आणि काहीच बिघडत नाही. खरा धोका दुसरीकडे होता, हत्ती ए८ आणि मग हत्ती एफ८ मध्ये. तो त्याने पानभर कुठेही पाहिलेला नव्हता. मामा नसलेल्या भुताला घाबरून बरोबर घरात गेला होता.

इंजिनकडून उतरवलेली खेळी अशी दिसत नाही. इंजिन खेळी देतं, त्याच्यासोबत असं गावठी, पक्कं, चुकीचं कारण देत नाही. चारपैकी दोन जागी असंच होतं, बरोबर खेळी आणि भलतं कारण. एका जागी कारणही बरोबर होतं. चौथ्या जागी त्याने लिहिलं होतं, ‘दोन्ही सारखंच वाटतं. घोड्याची आठवण म्हणून ही.’ घोडा तर कधीच मेला होता.

मग आम्ही दोन्ही वह्या शेजारी ठेवून सबंध दुपार बसलो. हे मात्र मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं विश्लेषण आहे आणि त्यात आलेख नाही. माझ्या वहीत मी एकोणचाळिसाव्या खेळीला मामाच्या उंटाची धास्ती घेऊन पानं भरली आहेत. त्याच्या वहीत त्या उंटाचा उल्लेखच नाही, तो त्या वेळी माझ्या हत्तीला घाबरत होता. एकाच पटावर दोन माणसं महिनाभर दोन वेगळे डाव खेळत होती. ऑगस्टच्या ३० तारखेला माझ्या वहीत लिहिलं आहे: ऑनलाइन ऑलिंपियाड, भारत-रशिया, नेट गेलं. त्या फायनलमध्ये आपल्या निहाल सरीन आणि नागपूरच्या दिव्या देशमुखचं कनेक्शन तुटलं, घड्याळं पळत राहिली, आणि शेवटी जागतिक संघटनेने दोन्ही देशांना संयुक्त सुवर्ण दिलं. कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. मामाला हे तेव्हा कळलंच नव्हतं. त्या तारखेला त्याच्या पानावर आहे: ‘पाणी गोडं कमी. आंघोळ नाही. ४१ वी खेळी उद्या.’

रजिस्टरची सुरुवात मी शेवटी पाहिली. १५ जूनच्या आधी एक पान आहे. त्यावर खेळ्या नाहीत. वादळाची बातमी त्याला जहाजावर ४ जूनला कळली होती, फोन कुणाचाच लागत नव्हता. त्या पानावर फक्त तारखा आहेत आणि प्रत्येकीपुढे तेच.

४ जून. तळ्याची खेळी नाही.
५ जून. तळ्याची खेळी नाही.
६ जून. नाही.

असं १३ जूनपर्यंत. १४ ला लिहिलंय: ‘आली. हत्तीने घोडा मारला. बरे आहेत.’

आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते पान उघडंच होतं. तिने उभ्या उभ्या वाचलं. ट्रे खाली ठेवला आणि मामाला म्हणाली, “तू पण?” तो म्हणाला, “मग काय तर.” एवढंच. नंतर दोघं फणसावरच्या पत्र्यांबद्दल बोलायला लागली.

तो डाव मी अ‍ॅपमध्ये टिपांसकट जपून ठेवला आहे. अठ्ठाविसाव्या खेळीखाली इंजिनची दोन्ही मतं आहेत, सप्टेंबरच्या आधीचं आणि नंतरचं. प्रत्येक खेळीखाली मामाच्या ओळी त्याच्या शब्दांत आणि माझ्या माझ्या शब्दांत, चुकीच्या वाटांसकट. सत्तावन्नावीखाली त्याचं ‘सुटका नाही’ तसंच ठेवलंय. राजा एफ८ ला परत येतो हे त्याच्याखाली माझ्या नावाने. त्यावर मामाने मागच्या फेरीत रॉटरडॅमहून उत्तर टाकलं: “तुला आज दिसतंय. मला तिथं दिसत नव्हतं.”